बिब्बा उतला, ओठावरचे फोड राहिले: तासगाव पट्ट्यातलं एक प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या तासगाव पट्ट्यात त्वचेच्या दवाखान्यांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका रुग्णाच्या रूपात इथं मांडलं आहे. हा रुग्ण म्हणजे कुणी एक ठरावीक माणूस नव्हे. औषधांची मापं, रोगाची चाल आणि संशोधनाचे तपशील मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

रुग्ण ३७ वर्षांचे, द्राक्षबागायतदार, घरची बेदाणा शेड. १५ एप्रिलला ते आले ते ओठासाठी नव्हे, दंडासाठी. डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी कातडी लालभडक, सुजलेली, पाण्याच्या फोडांनी भरलेली, लस वाहत असलेली. उजव्या हाताची दोन बोटं, मानेची एक बाजू आणि उजवी पापणी इथंही पुरळ. तीन दिवसांपूर्वी रात्री त्यांनी दंडावर रुपयाएवढ्या जागेत बिब्ब्याचं तेल लावलं होतं. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरून, अगदी रीतसर काढलेलं.

कारण विचारल्यावर प्रकरणाचा दुसरा पदर उघडला. खालच्या ओठाच्या उजव्या कडेला त्यांना सतत फोड येत. घरात त्याला ‘ताप फुटलाय’ म्हणत, शेजारी ‘पाल चाटली’ म्हणत, एकदा तर नागीण समजून काव लावून झाली होती. २ एप्रिलला पुन्हा फोड आले तेव्हा त्यांनी फोनवर वाचलं, की दंडावर एक रसायन लावून मुद्दाम ॲलर्जी उठवली तर ओठावरचे फोड कमी होतात, असं अमेरिकेत संशोधन झालंय. रसायनाचं नाव लांबलचक, मिळण्याची शक्यता नाही. चुलत आजी म्हणाल्या, ‘अरे, कातडीवर उठवायचंच असंल तर आपला बिब्बा हाय की!’ आजींच्या बोलण्यातलं अर्धं विज्ञान बरोबर होतं, आणि घोटाळा झाला तो उरलेल्या अर्ध्यात.

दंडावर काय झालं

बिब्ब्याच्या टरफलातल्या तेलात भिलावनॉल असतं. लांब शेपटी असलेलं हे कॅटेकॉल वर्गातलं रसायन अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही वेलीतल्या उरुशिऑलचं सख्खं भावंड आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर पुरळ उठे. त्याचं मूळ निघालं ते धोब्यानं कपड्यावर बिब्ब्यानं केलेल्या खुणेत. धुतलेल्या कपड्यावरची वाळलेली खूणही पुरळ उठवते, यावरून या तेलाचा जोर लक्षात यावा.

पहिल्यांदाच कातडीला लागलेल्या रसायनाची ॲलर्जी तयार व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. इथं दुसऱ्याच दिवशी फोड आले, म्हणजे शरीराची ओळख जुनी होती. विचारल्यावर कळलं, की लहानपणी काटा मोडला तेव्हा टाचेला बिब्ब्याचा चटका दिला होता. कच्चा आंबा खाल्ला की ओठाची कड सोलवटते, हेही त्यांना माहीत होतं. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. ज्याला आंब्याचा चीक उततो, म्हणजे लागला की पुरळ उठतं, त्याला बिब्बा उतण्याची शक्यता जास्त. शिवाय बिब्ब्याचं तेल नुसती ॲलर्जी उठवत नाही, ते कातडी थेट जाळतंही. मान आणि पापणीवरचं पुरळ रक्तातून पसरलेलं नव्हतं. तेल लागलेली बोटं तिथं गेली होती.

उपचार साधे ठेवले. नखं कापून हात साबणानं धुवायचे, त्या रात्रीचा सदरा आणि उशीचा अभ्रा वेगळा धुवायचा. उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ घालून त्याच्या ओल्या घड्या दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी १५ मिनिटं ठेवायच्या. दंडावर क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे तीव्र स्टिरॉइडचं मलम दिवसातून दोनदा, १० दिवस. पापणीवर हे मलम चालत नाही. तिथं सौम्य स्टिरॉइड, हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, पातळ थर, ५ दिवस. घरी लावत होते तो तीळ-खोबऱ्याचा लेप थांबवायला सांगितलं, कारण तो चोळताना अंगावर उरलेलं तेल पसरतं.

पोटातून स्टिरॉइड दिलं नाही. बिब्बा मोठ्या भागावर उतला, चेहरा सुजून डोळे मिटले, तर ते द्यावं लागतं, आणि मग दोन ते तीन आठवडे हळूहळू कमी करत द्यावं लागतं. पाच दिवसांची गोळी किंवा कमरेत एक सुई देऊन मोकळं केलं, की सहाव्या-सातव्या दिवशी सगळं पुन्हा उसळतं. ही चूक फार होते. या रुग्णाला बाधा थोड्या भागावर होती, आणि स्टिरॉइडनं प्रतिकारशक्ती दबली तर ओठावर फोड आणणारा विषाणू (संशय हर्पीसचा होता) डोकं वर काढणार हे उघड होतं.

तसाही तो आलाच. २० एप्रिलच्या संध्याकाळी ओठाच्या नेहमीच्या जागी चुरचुर सुरू झाली, २१ च्या सकाळी फोडांचा झुबका. बिब्बा लावून नऊ दिवस झाले होते.

ओठावर नक्की काय आहे

बेदाण्याच्या हंगामात ओठ बिघडायला कारणं कमी नसतात. द्राक्षाचे घड बुडवायचं द्रावण म्हणजे लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. ते चांगलंच अल्कली असतं. त्याचा ओला हात ओठाला लागला की कातडी भेगाळते. गंधकाची धुरी ओठ-नाक जाळते. एप्रिलात कैरीचा चीक असतो. तोंडाचे कोपरे चिरले तर ते बहुधा बुरशी किंवा जीवनसत्त्वाची कमतरता. मधासारखी पिवळी खपली धरली तर जिवाणूंचा संसर्ग.

या रुग्णाचं चित्र यांतल्या कशाशी जुळत नव्हतं. दर वेळी तीच जागा, फोडाआधी १२ तास चुरचुर, मग एकाच लाल बुडावर पाण्याच्या बारीक फोडांचा झुबका, दोन-तीन दिवसांत फुटून खपली, नऊ-दहा दिवसांत साफ. ॲलर्जी खाजते, दोन्ही ओठांवर पसरते आणि कारण हटेपर्यंत रेंगाळते. हर्पीस दुखतो, एका जागी येतो आणि आपला आपण जातो.

तरीही पुढचा विचार औषधांचा आणि प्रयोगाचा असल्यामुळे खात्री करून घेतली. २१ एप्रिललाच ताजा फोड निर्जंतुक सुईनं उघडून त्याच्या बुडाशी पॉलिएस्टरचा स्वॅब फिरवून पीसीआरला, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला, पाठवला. एचएसव्ही-१, म्हणजे हर्पीसचा पहिल्या प्रकारचा विषाणू, निघाला. खपली धरल्यावर घेतलेला स्वॅब बऱ्याचदा कोरा येतो आणि ‘हर्पीस नाही’ असा चुकीचा दिलासा मिळतो. रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांची चाचणी इथं बिनकामाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जगातल्या दोन तृतीयांशांच्या आसपास लोकांत हा विषाणू आहे. ती चाचणी बहुतेकांची सकारात्मकच येणार. फोड वारंवार येतात म्हणून साखर आणि एचआयव्ही तपासले; दोन्ही ठीक होते.

नागीण हा वेगळा विषाणू, कांजिण्यांचा. नागीण बहुधा आयुष्यात एकदा, अंगाच्या एका बाजूला पट्ट्यानं येते. वर्षात सहा-सात वेळा त्याच ओठावर येणारी गोष्ट नागीण नव्हे.

तारखा

रुग्णाचं म्हणणं होतं, ‘महिन्याला एकदा येतंच.’ म्हणजे वर्षाला बारा. हा आकडा तसाच लिहून घेतला असता तर पुढचा सगळा हिशेब चुकला असता.

सुदैवानं दर वेळी ते ओठाचा फोटो काढून गावातल्या मेडिकलवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवत आणि मलम मागवत. त्या चॅटमधून दोन वर्षांच्या तारखा काढल्या. मे ते एप्रिल असं वर्ष धरून पहिल्या वर्षात सहा वेळा, दुसऱ्या वर्षात, २१ एप्रिलची धरून, सात वेळा. एकूण तेरा. त्यातले नऊ फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत: दोन्ही फेब्रुवारीत एकेक, दोन्ही मार्चमध्ये दोन-दोन, एका एप्रिलात एक आणि दुसऱ्यात दोन. उरलेले चार सप्टेंबर आणि डिसेंबरातले, तापसर्दीबरोबर आलेले. मे ते ऑगस्ट दोन्ही वर्षी कोरे.

फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे बागेत दिवसभर घड काढणं, शेडवर रात्रीचं जागरण, ऊन. अतिनील किरण हे या फोडांचं पक्कं माहीत असलेलं कारण आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वारंवार फोड येणाऱ्यांच्या ओठांवर मुद्दाम अतिनील प्रकाश सोडला. नुसतं मलम लावलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांना फोड आले. सनस्क्रीन लावलेलं असताना एकालाही नाही. बागेत सनस्क्रीन इतकं चोख काम करत नाही, कारण घाम, चहा आणि जेवण यांनी ते निघून जातं. पण दिशा स्पष्ट आहे.

अमेरिकेतल्या संशोधनात काय आहे

ज्या रसायनाबद्दल रुग्णानं वाचलं ते स्क्वेरिक ॲसिड डायब्युटिल एस्टर, संक्षेपात एसएडीबीई. चाई (केस जाऊन पडणारे गोल चट्टे) आणि चामखीळ यांवर त्वचारोगतज्ज्ञ ते बरीच वर्षं वापरत आले आहेत, तसंच डायफेन्सिप्रोनही. त्याआधी डीएनसीबी नावाचं रसायन वापरात होतं. जिवाणूंवरच्या चाचणीत ते जनुकांत बदल घडवतं असं दिसलं आणि ते मागे पडलं.

हे रेणू इतके लहान असतात, की कातडीच्या वरच्या थरातून आत जातात. एकटे असताना शरीर त्यांना ओळखत नाही. कातडीतल्या प्रथिनाला चिकटल्यावर ते परके ठरतात. कातडीतल्या लँगरहान्स पेशी तो ऐवज काखेतल्या गाठीत नेतात आणि तिथं टी पेशींची, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींची, एक फौज शिकून तयार होते. ओठाचा विषाणू मात्र राहतो कानाच्या पुढे, कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या गाठीत. तिथं त्याला झोपवून ठेवण्याचं काम मुख्यतः टी पेशी आणि त्यांनी सोडलेलं इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन करतात. दंडावर चेतवलेल्या फौजेमुळे शरीराचा एकूण कलच त्या प्रकारच्या प्रतिकाराकडे झुकावा आणि विषाणूवरचा पहारा कडक व्हावा, ही या संशोधनामागची कल्पना.

२०१७ आणि २०२० साली अमेरिकेतल्या त्वचारोगाच्या नियतकालिकांत या चाचण्यांचे निकाल आले. २०२० ची चाचणी अनेक केंद्रांवर, खोट्या औषधाशी, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या द्रावणाशी, तुलना करून झाली. दंडाच्या आतल्या बाजूला २ टक्क्यांचं द्रावण एकदा लावलेल्यांत पुढचे फोड खोट्या औषधाच्या तुलनेत कमी आले. निकाल गंभीरपणे घेण्यासारखा आहे. पण हर्पीससाठी हे मान्यताप्राप्त औषध झालेलं नाही, आणि चाचणीतल्या रुग्णसंख्याही लहान आहेत.

आता माप बघा. २ टक्के म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, ०.०५ मिलीच्या एका थेंबात १ मिलिग्रॅम. चाईच्या उपचारात २ टक्क्यांनी एकदा ओळख करून दिली, की दोन-तीन आठवड्यांनी पुढची सुरुवात ०.००१ टक्क्यापासून करतात, म्हणजे दोन हजार पटींनी पातळ. लावलेली जागा एक-दोन दिवस झाकून ठेवायची, ऊन लागू द्यायचं नाही, लावणाऱ्यानं नायट्राइलचे हातमोजे घालायचे. हे नियम पाळले नाहीत तर दवाखान्यातल्या नर्सलाच ॲलर्जी जडते. एसएडीबीई ओलाव्यानं निकामी होतं म्हणून फ्रिजमध्ये कोरडं ठेवावं लागतं. डायफेन्सिप्रोन उजेडानं बिघडतं म्हणून गडद बाटलीत. इतकं सांभाळूनही फोड, गाठी सुजणं आणि अंगभर पुरळ हे होतंच काहींना. आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग महिनोन् महिने राहतो, क्वचित पांढरा डागही पडतो.

बिब्ब्यात यातलं काहीच मोजता येत नाही. एका बियात किती भिलावनॉल, दिव्याच्या आचेनं किती सुटलं, कातडीत किती गेलं, कशाचाच पत्ता नाही. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा: या रुग्णाला ॲलर्जी आधीपासूनच होती. लहानपणीच बिब्ब्याची ओळख होऊनही त्यांच्या ओठावर दोन वर्षांत तेरा वेळा फोड आले. कातडीला कुठली तरी ॲलर्जी असणं एवढ्यानं विषाणू दबत असता, तर गाजरगवताच्या ॲलर्जीनं चेहरा-मान काळवंडलेल्या शेतकऱ्यांना ओठावरचे फोड कधी दिसलेच नसते.

ऑगस्टमधलं समाधान

ऑगस्टअखेर रुग्ण तपासणीला आले ते खुशीत. दंड बरा झालेला, तळहाताएवढा काळा डाग राहिलेला, पण चार महिन्यांत ओठ स्वच्छ. ‘त्रास झाला खरा, पण बिब्ब्यानं काम केलं. जानेवारीत पुन्हा लावू का?’

या प्रकरणात सगळ्यांत जास्त वेळ या प्रश्नाला दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. तारखांचा कागद समोर ठेवला: मे ते ऑगस्ट मागची दोन्ही वर्षंही कोरीच होती, तेव्हा बिब्बा नव्हता. माणूस उपाय करतो तो त्रास सगळ्यांत जास्त असताना, म्हणजे इथं एप्रिलात. त्यानंतर त्रास उतरणारच होता; उतरला की श्रेय शेवटच्या उपायाला जातं. काव लावली असती तर कावेला मिळालं असतं.

खोट्या औषधाशी तुलना का लागते हे २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात नेमकं दिसतं. वारंवार फोड येणाऱ्यांना चार महिने रोज व्हॅलासायक्लोविर हे हर्पीसविरोधी औषध ५०० मिग्रॅ दिलं, तर ६० टक्के लोकांना एकदाही फोड आले नाहीत. ज्यांना खोट्या गोळ्या दिल्या त्यांच्यातलेही ३८ टक्के स्वच्छ राहिले. याहूनही जुनं उदाहरण आहे. ओठाच्या फोडांसाठी देवीची लस पुन्हा पुन्हा टोचण्याची पद्धत होती आणि लोक गुण आल्याचं सांगत. १९५९ मध्ये खोट्या लसीशी ताडून पाहिलं, तेव्हा दोन्हीकडे सारखाच गुण निघाला.

रुग्णाला हे पटलं ते आकड्यांमुळे कमी आणि स्वतःच्या फोटोंच्या तारखांमुळे जास्त.

हंगामाची तयारी

तोवर त्यांचा उपचार म्हणजे ॲसायक्लोविर ५ टक्के मलम, तेही फोड फुटल्यावर. एकदा ४०० मिग्रॅच्या गोळ्या घेतल्या होत्या, तिसऱ्या दिवसापासून. विषाणूची वाढ पहिल्या एक-दोन दिवसांतच जोरात असते. खपलीवर मलम लावणं म्हणजे कणसं मोडून नेल्यावर राखण बसवणं. म्हणून पहिली गोष्ट, औषध घरात नव्हे, खिशात. व्हॅलासायक्लोविर ५०० मिग्रॅच्या आठ गोळ्या: चुरचुर जाणवताच चार एकदम, १२ तासांनी पुन्हा चार, बस्स. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे माप कमी करावं लागतं, म्हणून आधी क्रिएटिनिन पाहिलं. शेडमधल्या उन्हात पाणी कमी पिऊन हे औषध घेऊ नये.

९ सप्टेंबरला तापाबरोबर चुरचुर आली. पहिल्या अर्ध्या तासात चार गोळ्या गेल्या. फोड आले, पण पाच दिवसांत ओठ साफ झाला. एका वेळेवरून निष्कर्ष काढायचा नसतो. चाचण्यांत या मापानं सरासरी एखादा दिवस वाचतो, एवढंच धरून चालावं.

१ फेब्रुवारी ते ३० एप्रिल रोज ५०० मिग्रॅची एक गोळी ठरवली: ८९ दिवस, ८९ गोळ्या. वर्षभर नाही, कारण तारखा वर्षभराचं काही मागत नव्हत्या. सोबत ओठाचं ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, बिनवासाचं, दर दोन तासांनी आणि चहा-जेवणानंतर पुन्हा. या रुग्णाची कातडी ॲलर्जीची, म्हणून आधी सात दिवस कोपराच्या आतल्या बाजूला दोनदा लावून बघितलं. गांधी टोपीला काठ नसतो, ओठावर सावली पडत नाही. रुंद काठाची टोपी घ्यायला लावली. डिपिंगच्या वेळी हातमोजे, धुरी देताना मास्क.

त्या हंगामात एकदाच फोड आले, मार्चच्या शेवटी. गोळ्यांच्या पाकिटात सलग तीन दिवसांच्या गोळ्या शिल्लक निघाल्या. ते तीन दिवस गाडी भरण्याच्या गडबडीत गेले होते. आधीच्या हंगामात पाच, यंदा एक. गोळीचा वाटा किती, टोपीचा किती, हे एका माणसावरून वेगळं काढता येत नाही.

मार्चमधल्या त्याच आठवड्यात बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. एरवीचा किरकोळ ओठाचा फोड नवजात बाळाला जिवावर बेतू शकतो. पहिल्या सहा आठवड्यांत तर नक्कीच जपायला हवं. मामानं बाळाला मांडीवर घ्यायचं नाही, मुका तर नाहीच, खपली पूर्ण गळून पडेपर्यंत टॉवेल आणि पाण्याचा तांब्या वेगळा. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून हे त्यांच्या बहिणीला आणि आजींना दवाखान्यातूनच फोनवर समजावून सांगितलं. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना झाला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं आणि तोवर घरातलं कुठलंही स्टिरॉइडचं थेंबाचं औषध घालायचं नाही, हेही लिहून दिलं.

दंडावरचा डाग वर्षानंतरही फिकट दिसतो. एसएडीबीईबद्दल रुग्ण अजून विचारतात, आणि त्यांनी विचारत राहावं. उत्तर असं दिलं आहे: हे रसायन आपण होऊन मागवायचं नाही, चाईच्या कुणा रुग्णाकडची बाटली आणायची नाही, ओठावर तर कधीच लावायचं नाही. भारतात अशी चाचणी सुरू झाली तर तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया इथं दिसेल. औषधांच्या चाचण्यांना ही नोंद २००९ पासून सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक, नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि मराठीतलं संमतीपत्र बघायचं, आणि नाव नोंदवायला जाताना तारखांची वही सोबत न्यायची. वहीत सध्या तीन वर्षं भरली आहेत.